शब्द गाळलेली अंगाई

आमच्या रविवारच्या बैठकीत एक नियम आहे: सल्ला द्यायचा नाही, फक्त स्वतःचं सांगायचं. हा नियम मीच घातला होता. तो एकदाही न मोडता मी एका घरातून आजी घालवली.

बैठक ग्वाल्हेरच्या पडाव भागात भरते, एका ट्रॅव्हल एजंटाच्या ऑफिसवरच्या हॉलमध्ये. खाली बसची तिकिटं विकतात, वर आम्ही बसतो. ज्यांच्या मुलांना ऑटिझम आहे, बौद्धिक अक्षमता आहे, किंवा दोन्ही आहे, असे आईबाप. बसतो म्हणालो खरा, पण माझा मुलगा बसत नाही. तो आता दाढीमिशा असलेला तरुण आहे, माझ्याहून उंच. पूर्ण वेळ तो भिंतीला बोटं घासत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरतो आणि ओठ मिटून एक चाल गुणगुणतो. कायम तीच. नवीन आलेले लोक आधी त्याच्याकडे बघत राहतात, मग माझ्याकडे. आमचंही असंच होणार का, हे ते विचारत नाहीत, पण मला ऐकू येतं.

नवीन घराला एक जुना पालक जोडून द्यायची आमची पद्धत आहे. जुन्या पालकानं अधूनमधून त्यांच्याकडे जायचं, चहा प्यायचा, आणि मूल आदळआपट करायला लागलं की उठायचं नाही. तिथेच बसून राहायचं. एवढंच काम. नातेवाईक अशा वेळी उठून जातात, म्हणून हे.

मी मुळात कमी बोलणारा. सिटी सेंटरच्या ज्या ऑफिसात माझी उमर गेली, तिथे कित्येकांना मला मुलगा आहे हेही उशिरा कळलं. पण या हॉलमध्ये मला एक गोष्ट सांगता येत असे, आणि ती मी चांगली सांगत असे. ती अशी.

मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत एकही शब्द बोलला नव्हता. आम्ही त्याला दिल्लीला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, घरात काय बोलता? मी म्हटलं, मराठी. आणि बाहेर? बाहेर हिंदीच, ग्वाल्हेर आहे. ते म्हणाले, मुलाच्या डोक्यात गोंधळ होतोय, एक भाषा ठेवा. शाळा हिंदी, शेजार हिंदी, थेरपी हिंदी, तर मग कोणती ठेवायची हे उघडच होतं. परतीच्या गाडीतच आम्ही ठरवलं. घरात मराठी बंद. आणि काही महिन्यांत मुलगा म्हणाला, "पानी."

इथे मी थांबत असे. हॉलमध्ये कोणीतरी डोळे पुसत असे. सिंधी घरं, पंजाबी घरं, आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी घरं, सगळ्यांनी ही गोष्ट ऐकली आहे. मी कोणालाही, तुम्ही असं करा, म्हणालो नाही. नियम होता ना.

गोष्ट खरी आहे. अर्धी.

उरलेली अर्धी माझ्या आईची आहे. ती आमच्याजवळच राहत होती. जन्म इथलाच, आणि आयुष्यभर तिनं शाळेत शिकवली ती हिंदीच. तिची हिंदी माझ्यापेक्षा शुद्ध. तेव्हा तिला अडचण यायचं काही कारण नव्हतं, असं मी धरून चाललो. पहिल्या दिवशी तिनं नातवाला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बेटा, यहाँ आइए." वर्गात म्हणायची तसं. मुलगा जागचा हलला नाही. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "हिंदी मला येते रे. पण मांडीवर घेऊन येत नाही."

मला राग आला. खरं सांगायचं तर मला तेव्हा कोणाचा तरी राग हवाच होता. घरात काहीच हातात येत नव्हतं. मुलगा झोपत नव्हता, जेवत नव्हता, डोकं आपटत होता. एक नियम हातात आला तर तो मी पोलिसासारखा राबवला. मुलगा बोलला नाही की मला वाटे, आई चोरून मराठी बोलत असणार. आणि ती बोलत होतीच. एकदा मी ऑफिसातून लवकर आलो तर न्हाणीघराच्या बंद दारामागून आवाज येत होता. ती त्याला आंघोळ घालत होती आणि अंगाई म्हणत होती, तिच्या आईची, माझ्या पाळण्यावर म्हटलेली. मुलगा आंघोळीला दर वेळी किंचाळायचा. त्या दिवशी किंचाळत नव्हता. हे मी ऐकलं. मला ते तेव्हाही कळलं. तरी मी दारावर टकटक केली आणि एवढंच म्हणालो, "आई, हिंदी."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर तिनं शब्द टाकून दिले. चाल ठेवली. ओठ मिटून ती अंगाई गुणगुणायची, आंघोळ घालताना, भरवताना, तो भिंतीशी फिरत असला की त्याच्यामागून फिरताना. मी बघितलं तर म्हणायची, सुरांना तरी भाषा नाही ना रे? त्यात टोमणा होता की नुसता प्रश्न, हे मी कधी शोधलं नाही. ती गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्या मुलाच्या तोंडात जी चाल आहे, ती हीच. बैठकीत कोणी विचारलं तर मी सांगतो, सवय आहे त्याची.

तर या जोडप्याकडे येतो.

दोघं किला गेटच्या बाजूला राहतात. तरुण. तो मोबाइल टॉवरच्या कंपनीत, ती शाळेत शिकवायची. मुलगी चार वर्षांची, फार देखणी, आणि बोलत नाही. मराठीच घर, म्हणून जुना पालक म्हणून माझं नाव निघालं. गेल्या दिवाळीनंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या घरात मला सगळ्यात आधी दिसली ती आजी. त्या तरुणाची आई. सांगलीकडून लग्न होऊन या गावात आलेली, नवरा गेलेला, सुनेच्या बरोबरीनं घर ओढणारी. सून शाळेत गेली की मुलगी आजीच्या हवाली. ती पोरीला कडेवर घेऊन कणिक मळत होती आणि तिच्याशी अखंड बोलत होती. हे पीठ, हे मीठ, ही बघ तुझी आई आली, ही पायातली चप्पल इकडे की तिकडे. पोरगी बघत नव्हती, पण आजीच्या पदराचं टोक मुठीत धरून होती.

मी माझी गोष्ट सांगितली. दिल्ली, एक भाषा, पानी. नेहमीच्या ठिकाणी थांबलो. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तरुणानं विचारलं, मतलब घरात पण पूर्ण हिंदी? मी म्हटलं, आम्ही तरी तसं केलं.

आजी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, माझी हिंदी भाजीवाल्यापुरती. नातीला काय विचारू? कैसे दिये?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. म्हणालो, होईल हळूहळू सवय, आजी.

थंडीत आमच्या बैठकीत एक मुलगी बोलायला आली, नुकतंच शिकून या शहरात स्पीच थेरपी सुरू केलेली. वयानं माझ्या मुलाएवढी असेल. कोणीतरी तीळगुळाची गजक आणली होती, ती ताटलीत फिरत होती. बोलता बोलता ती सहज म्हणाली की, दोन भाषांनी मूल गोंधळतं ही जुनी समजूत आहे, ज्या भाषेत घरातलं माणूस मनापासून बोलतं तीच मुलाला द्या, ती काढून घेऊ नका. मग ती पुढच्या मुद्द्याकडे गेली. मी शेवटच्या रांगेत होतो. हातात गजकचा तुकडा होता, तो मी बराच वेळ धरून बसलो होतो, बोटांना गूळ चिकटला. ते जोडपं त्या रविवारी आलं नव्हतं, पोरीला ताप होता. मला वाटलं, चला, बरं झालं. हे मी आत्ता लिहितोय, पण वाटलं होतं तेव्हाच.

माझ्या मनानं काय काय केलं ते सांगतो. एकदा म्हटलं, ही कालची पोर, दिल्लीच्या डॉक्टरांपुढे हिचं काय. मग म्हटलं, आपला मुलगा बोलला होता ना पानी. मग म्हटलं, तो तसाही बोलला असता. या तिसऱ्या वाक्यापाशी आलो की मी उठून फिरायला लागायचो. घरात दोन माणसं फिरायला लागली, तो पॅसेजमध्ये आणि मी गॅलरीत. त्यानंतर बैठकीत मी ती गोष्ट सांगणं बंद केलं. बस. सांगणं बंद केलं, म्हणजे झालं, असं मी मानून टाकलं. सांगितलेलं परत घ्यायचं असतं, हे मी बायकोलाही बोललो नाही. तिनं थेरपिस्ट मुलीचं भाषण ऐकलं होतं, माझ्या शेजारीच बसून. 

उन्हाळ्यात जोडपं बैठकीला येईनासं झालं. फोन केला तर सून म्हणायची, जमत नाही काका. शेवटी एका संध्याकाळी, उन्हाची लू जरा कमी झाल्यावर, मी किला गेटला गेलो.

दार सुनेनं उघडलं. तिच्या दंडावर चावल्याच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. घरात कूलर घरघरत होता आणि पोरगी त्याच्यापुढे जमिनीवर आडवी पडून टाचा आपटत होती. ओट्यावर सकाळची भांडी तशीच. मी नेहमीप्रमाणे बसून राहिलो. थोड्या वेळानं मी विचारलं, आजी कुठे आहेत?

ती म्हणाली, मोठ्या दिरांकडे गेल्या इंदूरला. होळीनंतर.

सगळं तिनं हळूहळू सांगितलं, पोरीच्या टाचांखाली उशी सरकवता सरकवता. आजीनं प्रयत्न केला होता. 'इधर आओ', 'खाना खाओ' म्हणायची. मधेच मराठी तोंडात यायची, की तिचा मुलगा टोकायचा, आई, हिंदी. हळूहळू तिनं पोरीशी बोलणंच सोडलं. चुकण्यापेक्षा गप्प बरं. पोरगी पदर धरायची, ही नुसती उभी. मग एक दिवस म्हणाली, या घरात मुक्यानं किती दिवस राहू, आणि बॅग भरली. पोरीला आता सांभाळायला कोणी नाही, तेव्हा सुनेची शाळेची नोकरी गेली. नवरा टॉवरसाठी गावोगाव. दिवसभर ती आणि पोरगी आणि कूलर.

"मला माणूस हवं होतं हो काका," ती म्हणाली. "भाषा काय, कुठली पण चालली असती."

यानंतर मी काय केलं? पाणी प्यालो, धीर धर म्हणालो, आणि घरी आलो. हो. हे सगळं ऐकूनही.

ते दिवस फार वाईट गेले. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की बसावंसं. मुलगा गुणगुणायला लागला की मी रेडिओ लावायचो, मग तो रेडिओ बंद करायचा, कारण त्याला दोन आवाज सहन होत नाहीत. जेवताना एकदा मी ताटावरून मधेच उठलो तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही सांगणार आहात, की मी जाऊन सांगू?"

मी विचारलं, काय?

ती म्हणाली, "आता माझ्याशी पण नाटक नका करू. आईंच्या वेळी मी गप्प बसले, ते पुरे झालं."

तिनंही तेव्हा काही ऐकलं असेल, तिलाही काही बोलायचं असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ताट बाजूला सारलं आणि तरुणाला फोन लावला, तू घरी कधी असतोस म्हणून.

गेलो त्या दिवशी दोघंही होते. मी उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर चहा आला असता आणि चहाबरोबर माझं धैर्य गेलं असतं. म्हणालो, ते एका भाषेचं चूक होतं. मला थंडीतच कळलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही. आणि माझी गोष्टही मी पूर्ण सांगितली नव्हती. मग न्हाणीघराचं दार सांगितलं.

तरुण बराच वेळ पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "थंडीत कळलं होतं? काका, होळीपर्यंत आई इथेच होती. एक फ़ोन ही तो करना था."

 तो पुढे म्हणाला की टोकणारा तर मीच होतो, आपको क्या बोलूँ, आणि आतल्या खोलीत निघून गेला. सून म्हणाली, "मला नका सांगू. आईंना सांगा," आणि इंदूरला फोन लावून माझ्या हातात दिला.

आजीला मी पुन्हा सगळं सांगितलं, न्हाणीघरासकट. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. ती म्हणाली, मग तुमच्या आईनं काय केलं पुढे? मी म्हटलं, नुसती चाल गुणगुणायची. ती मग म्हणाली, "शहाणी होती. मला नाही सुचलं." मी म्हटलं, आजी, तुम्ही परत या. त्यावर मात्र तिचा आवाज कोरडा झाला. "जा म्हटलं की गेले, या म्हटलं की आले, मी काय बदलीवरचा तलाठी आहे? आणि तुम्ही कोण बोलावणार? घर तुमचं आहे का?"

घर माझं नव्हतं. हे तिला इंदुरात बसून दिसत होतं, मला त्या घरात उभं राहून दिसलं नव्हतं. मी फोन सुनेकडे दिला. सुनेनं तो कानाला लावला. मग म्हणाली, "आई, मी दमले. या ना." आणि रडायला लागली. मी जिना उतरलो. पुढचं बोलणं माझ्या ऐकण्याचं नव्हतं.

त्या रविवारी मी बैठकीत उभा राहिलो आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. कोणी डोळे पुसले नाहीत. एक सिंधी गृहस्थ उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत, त्यांच्या आईनंही आमच्या गोष्टीनंतर सिंधी सोडली होती. त्या आता नाहीत. मला त्यांच्यामागे जायला हवं होतं. मी गेलो, पण जिन्यापर्यंतच. ते खाली फुटपाथवर उभे राहून बसगाड्या बघत होते. त्यांच्याशी माझं बोलणं अजून राहिलं आहे. करणार आहे.

पाऊस सुरू व्हायच्या सुमारास सुनेचा फोन आला. आई येताहेत, हे बाहेरगावी आहेत, तुमच्याकडे गाडी आहे, तर स्टेशनवर याल का? मी मुलाला घेऊन गेलो, बायको घरी नव्हती आणि त्याला एकटं ठेवता येत नाही. प्लॅटफॉर्मवर सून पोरीला छातीशी घट्ट धरून उभी होती, पोरीनं दोन्ही कान झाकलेले. माझा मुलगा हॉलमधल्यासारखाच भिंतीला बोटं लावून फिरत होता, गुणगुणत होता. लोक वळून बघत होते. मला दर वेळी होतं तसं लाजल्यासारखं झालं, आणि दर वेळेसारखाच मी दुसरीकडे बघितलं.

आजी उतरली. तिनं सुनेच्या दंडावरच्या खुणा बघितल्या आणि त्यांवरून अंगठा फिरवला. मग पोरीला म्हणाली, "काय गं भवाने, चावतेस होय आईला?" पोरीनं तिच्याकडे बघितलं नाही. पण कानावरचा एक हात काढला आणि आजीच्या पदराचं टोक मुठीत घेतलं.

माझ्याशी ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं. ती पोरीला कडेवर घेऊन चालत होती, आणि मधेच थांबली. माझा मुलगा तिच्या बाजूनं गेला होता.

"हाच तुमचा मुलगा?"

मी म्हटलं, हो.

"आणि हीच ती चाल?"

मी मान हलवली.

तिनं तो पुन्हा जवळून जाईपर्यंत वाट बघितली. तिला ती अंगाई येत होती, थोड्या निराळ्या शब्दांत असेल, सांगलीकडची. ती त्याच्या सुरात सूर मिळवून शब्दांनी म्हणायला लागली.  इतक्या वर्षांनी ते शब्द मी ऐकत होतो, आणि मला वाटलं, आता हा थांबेल, आता ओळखेल.

तो थांबला. गुणगुणणं बंद झालं. कपाळाला आठी पडली, चुकीचं काहीतरी कानावर आल्यासारखी. त्यानं हात पुढे केला आणि आपला तळवा त्या म्हातारीच्या तोंडावर ठेवला. मी धावलो. तिनं मला हातानंच थांबवलं. हळूच त्याचा हात खाली घेतला, ओठ मिटले, आणि नुसती चाल धरली.

तेव्हा तो पुन्हा चालायला लागला. ती त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत तशीच गुणगुणत गेली, कडेवर नात, मागे बॅग ओढत मी. गाडीत बसल्यावर मात्र तिनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून म्हणायला लागली, शब्दांसकट. सून खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. मुलगा माझ्या शेजारी बसून आपली चाल गुणगुणत होता. दोन्ही चालू होतं. त्याला दोन आवाज सहन होत नाहीत, म्हणून गाडी चालवताना मी किला गेट येईपर्यंत अधूनमधून त्याच्या हाताकडे बघत राहिलो. हात त्यानं मांडीवरच ठेवला होता.